आनंदी राहणं खरंच आपल्या हातात असतं का?

करवीरकन्या

नमस्कार मंडळी. गेले काही महिने माझं वाचन एकाच प्रश्नाभोवती घोटाळतंय, म्हणून हा धागा काढतेय. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा चालू शकल्या नाहीत. तेव्हापासून माझा दिवस त्यांच्या अंथरुणाभोवती जातो. दुपारी त्यांचा डोळा लागला की तासभर मला मिळतो, त्यात वाचते. यजमान करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तकं आणून देतात. १८५० पासून चालत आलेल्या या ग्रंथालयाचे आम्हा कोल्हापूरकरांवर फार उपकार आहेत.

भेटायला येणारी माणसं मनापासून सांगतात, 'आनंदी राहायचं की रडत बसायचं, हे आपलं आपणच ठरवायचं असतं.' सकाळी मोबाइलवर येणारे सुविचारही तेच सांगतात. हे म्हणणं उडवून लावावं असं मला वाटत नाही, पण ते जसंच्या तसं गळीही उतरत नाही. त्यात खरं किती आहे ते मला शोधायचं होतं.

पहिलं हाती आलं ते व्हिक्टर फ्रँकल यांचं 'मॅन्स सर्च फॉर मीनिंग'. फ्रँकल व्हिएन्नाचे ज्यू मनोविकारतज्ज्ञ. १९४२ मध्ये नाझींनी त्यांना कुटुंबासह छळछावणीत नेलं. आई, वडील, भाऊ, पत्नी, सगळे गेले. ते स्वतः ऑशविट्झमधून आणि इतर छावण्यांमधून वाचले आणि १९४६ मध्ये हे पुस्तक आलं. माणसाकडून सगळं हिसकावून घेतलं तरी, समोर आलेल्याला कसं सामोरं जायचं हे ठरवण्याचं स्वातंत्र्य त्याच्याकडे उरतंच, असं ते त्यात लिहितात. सुविचारवाले नेमके इथे थांबतात. फ्रँकल थांबत नाहीत. ते पुढे बजावतात की आनंदाच्या मागे लागून आनंद मिळत नाही. आनंदी व्हायला माणसाला काहीतरी कारण लागतं, आणि ते सापडलं की आनंद आपोआप मागून येतो.

याच पुस्तकाच्या एका प्रस्तावनेत त्यांनी सांगितलेली हकिकत माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला होता. निघून गेले असते तर जीव वाचणार होता, लिखाणही पुरं झालं असतं. पण म्हातारे आईवडील मागे राहणार होते. काय करावं सुचेना, अशा अवस्थेत ते घरी आले तर टेबलावर संगमरवराचा एक तुकडा दिसला. नाझींनी पाडलेल्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, ढिगाऱ्यातून तो वडिलांनी उचलून आणला होता. त्यावर एकच हिब्रू अक्षर कोरलेलं होतं, आणि ते दहा धर्माज्ञांपैकी ज्या आज्ञेतलं होतं ती आज्ञा अशी: आईवडिलांचा मान राख. त्यांनी व्हिसा वाया जाऊ दिला.

आता मला सांगा, या माणसाने आनंद निवडला का? मला तर दिसतं की त्याने माणसं निवडली, आणि त्याबरोबर येणारं दुःखही पत्करलं. मी घरी जे करते त्याची या गोष्टीशी बरोबरी करत नाही. पण दिशा कळली. सकाळी उठून 'आज मी आनंदी राहणार' असं मी म्हणून बघितलं, तर दहा वाजेपर्यंत मी खरंच आनंदी आहे का हेच तपासत बसते. त्याऐवजी 'आज सासूबाईंचे केस नीट विंचरून द्यायचे' असं ठरवलं की ते होतं. किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे मावळतीची किरणं देवळात अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात तेव्हा, संध्याकाळी आम्ही स्थानिक चॅनेलवर तिचं थेट दर्शन लावलं होतं. त्यांना उशा लावून बसवलं. किरणं उंबरा ओलांडून आत आली तसं त्यांनी माझं मनगट पकडलं, 'चरणाला लागली गं', म्हणाल्या, मग 'कमरेपर्यंत आली', मग ढग आला आणि दोघीही हळहळलो. त्या पाऊण तासात मी सुखी होते. मी ते निवडलं नव्हतं, फक्त टीव्ही लावला होता आणि शेजारी बसले होते.

तुमचं वाचन, तुमचा अनुभव काय सांगतो? विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

दूरदेशी

करवीरकन्या, किरणोत्सवाचं वाचून गलबलून आलं. इकडे परदेशात आम्हीही मोबाइलवर तेच दर्शन बघत होतो. वाचतोय, लिहीत राहा.

अध्यापक

विषय माझ्या शिकवण्यातला आहे, म्हणून थोडं विस्ताराने.

'आनंद आपल्या हातात' या म्हणण्याला आकडा चिकटवला जातो तो २००५ च्या एका शोधनिबंधातला. ल्युबोमिर्स्की, शेल्डन आणि श्केड या तिघांनी मांडलं की माणसामाणसांतल्या आनंदाच्या फरकापैकी सुमारे ५० टक्के आनुवंशिक, १० टक्के परिस्थितीमुळे आणि ४० टक्के आपण मुद्दाम करतो त्या गोष्टींमुळे असावा. पुढे व्याख्यानांत आणि लोकप्रिय पुस्तकांत याचं 'तुमचा ४० टक्के आनंद तुमच्या हातात' असं झालं. मूळ आकडे एका समूहातल्या माणसांमधल्या फरकाचे होते. एकेका माणसाच्या आनंदाचे तीन वाटे करून देण्याचा दावा त्यात नव्हता. ब्राउन आणि रोहरर यांनी २०१९ मध्ये यावर सविस्तर टीका केली आणि मूळ लेखकांपैकी दोघांनी त्यातले बरेच आक्षेप मान्यही केले. विज्ञान असंच चालावं. दुर्दैवाने सुविचारांपर्यंत दुरुस्ती पोहोचत नाही.

दुसरा अभ्यास तुमच्या 'तपासत बसते'शी थेट जुळतो. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. काही स्त्रियांना आनंद किती महत्त्वाचा आहे हे सांगणारा मजकूर आधी वाचायला दिला आणि मग आनंदाचं चित्रपट-दृश्य दाखवलं. तो मजकूर न वाचलेल्यांपेक्षा या स्त्रियांना कमी आनंद झाला. अपेक्षा उंचावली की माणूस मोजायला लागतो आणि मोजताना निराश होतो.

१९७८ चा लॉटरीवाला अभ्यासही नेहमी उलटासुलटा सांगितला जातो. २२ लॉटरीविजेते आणि अपघाताने अवयव लुळे पडलेले २९ जण. विजेते शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा फारसे सुखी नव्हते, हे खरं. पण 'अपघातग्रस्तही तितकेच सुखी होते' हे जे म्हणतात ते खोटं आहे. ते कमी सुखी होते. आपल्याला वाटतं तितके दुःखी मात्र नव्हते. परिस्थितीने काही फरक पडत नाही असं यातून कुणीही कुणाला ऐकवू नये.

पंचगंगाकाठ

सर, शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत.

आम्ही चिखलीकडचे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडलो, म्हशी दावं कापून सोडल्या. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तर आतून ढकलावं लागेल इतका गाळ. पोत्यातली ज्वारी फुगून पोती फाटलेली, त्यांना मोड आलेले, आणि तो वास. वडील त्या वासात उभे होते. काही बोलले नाहीत, दोन दिवस.

पूरग्रस्तांच्या छावणीत एक बाई आल्या होत्या मन मोकळं करायचं शिबिर घ्यायला. हेतू चांगला होता, त्याबद्दल शंका नाही. पण 'सकारात्मक राहायचं ठरवा' असं त्या म्हणाल्या तेव्हा वडील उठून गेले. त्यांना त्या वेळी पाहिजे होता तो पंचनामा, चारा आणि एक फावडं.

फावडी घेऊन कोण आलं? शिवाजी पेठेतली, मंगळवार पेठेतली पोरं. कोण कुठल्या तालमीची, कोण कुठल्या मंडळाची. एरवी फुटबॉलच्या मैदानावर एकमेकांच्या अंगावर जाणारी. गुडघाभर गाळात उतरून त्यांनी आमचा सोपा धुऊन काढला. त्यातल्या एकाला भिंतीच्या कडेला वडिलांचा जुना रेडिओ सापडला, गाळानं भरलेला. त्यानं तो शर्टाला पुसून वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाला, 'काका, बातम्या लावा.' वडील हसले. म्हशी गेल्यानंतर पहिल्यांदा.

वडिलांनी हसायचं ठरवलं नव्हतं. पण त्या पोरांनी यायचं ठरवलं होतं. निवड कुणाची होती, ते तुम्हीच बघा.

आणखी एक. आत्या नृसिंहवाडीला असते, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. पावसाळ्यात पाणी चढून देवळात शिरलं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, लोक स्नानाला गर्दी करतात. आत्या पहाटे ते स्नान करून आली आणि दुपारी घरातलं धान्य माळ्यावर चढवत होती, कारण तेच पाणी आता तिच्या उंबऱ्याकडं येणार होतं. मी विचारलं, भीती वाटत नाही? म्हणाली, वाटते की. हात मात्र चालूच होते.

वारीचा वाटसरू

पंचगंगाकाठ, दंडवत.

तुकोबांचा एक अभंग आपण घराघरात म्हणतो, 'मन करा रे प्रसन्न । सर्व सिद्धीचें कारण ॥'. दुसरा तितकाच तोंडपाठ, 'सुख पाहतां जवापाडें । दुःख पर्वताएवढें ॥'. सुविचारांत पहिलाच येतो. पण दोन्ही एकाच माणसाचे आहेत, आणि त्या माणसाने १६३० च्या सुमारचा दुष्काळ पाहिलेला आहे. त्यात पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेलं, दुकान बुडालं. ज्याने पर्वत पाहिला तोच मन प्रसन्न करा म्हणतो, म्हणून मी ऐकतो. पर्वत नाहीच असं सांगणाऱ्याचं मी ऐकत नाही.

आणि दुष्काळानंतर त्यांनी काय केलं म्हणून सांगतात? सावकारीची कागदपत्रं काढली, भावाचा निम्मा वाटा त्याला दिला, आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. लोकांच्या डोक्यावरचं कर्ज उतरलं. प्रसन्न होण्याआधी एवढं काम झालेलं आहे.

निशिगंध

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

मला नैराश्याचा आजार आहे. औषधं चालू आहेत आणि आता बरीच बरी आहे. आजार जोरात असताना मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य हेच होतं. 'अगं, ठरव ना आनंदी राहायचं.' घरातल्या, प्रेमाच्या माणसांचं. ज्या मनाने ठरवायचं तेच मन आजारी असतं, हे त्यांना कसं समजवायचं? मला तर आंघोळ करायचीय की नाही हेही ठरवता यायचं नाही. मग वाटायचं, बाकी सगळे निवडू शकतात, मलाच येत नाही, म्हणजे दोष माझाच. दुःख होतंच, त्यावर ही अपराधाची भावना.

डॉक्टरांनी शिकवलेलं मात्र उपयोगी पडलं. मूड येईल तेव्हा बाहेर पडू असं म्हणायचं नाही. घड्याळात सहा वाजले की चप्पल घालायची आणि रंकाळा तलावाच्या पदपथावर पहिल्या बाकापर्यंत जायचं. आनंद वाटला पाहिजे अशी अटच नाही. वाटला तर वाटला. पहिले कित्येक दिवस काहीही वाटलं नाही. मग एकदा भाजलेल्या कणसाचा वास आला आणि मला भूक लागली. नुसती भूक लागल्याचा एवढा आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

हे वाचणाऱ्या कुणाला सध्या अगदीच जमत नसेल तर निवडीबिवडीचा विचार बाजूला ठेवा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. आधी फोन करा.

तालीमवाला

निशिगंधताई, लई मोलाचं लिव्हलंसा. वस्ताद ह्येच सांगत आल्यात आमाला.

तालमीत पोरगं आलं तर वस्ताद कधी इचारत न्हाईत, आज मन लागतंय का? पहाटे हौद्यातली माती उकरायची. खोऱ्यानं खालवर करायची, ताक, हळद, तेल, लिंबू घातलेली ती माती हाताला गार लागती. मग जोर, बैठका. त्येवढ्यात मन कुठं आसतंय ते आपलं आपल्यालाच ठावं नसतंय. खासबागेत शाहू म्हाराजांनी बांधलेल्या मैदानात कुस्ती हारून आलो व्हतो तवा बी वस्ताद 'वाईट वाटून घिऊ नगंस' आसं म्हणलं न्हाईत. पाठीवर हात ठिवला आन म्हणलं, 'सकाळी ये.' बास. रडलो बी त्यांच्याम्होरंच. रडाय बी मुभा व्हती आन सकाळी याय बी लागायचं.

पंचगंगाकाठ भावा, त्या पोरात मी नव्हतो, पर आमच्या तालमीची व्हती. काकांस्नी नमस्कार सांग.

खांडेकरप्रेमी

कोल्हापुरात हा विषय निघावा आणि ययातीचं नाव निघू नये हे बरं नाही! भाऊसाहेब खांडेकर इथेच राजारामपुरीत राहिले. त्यांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ ची, आणि १९७४ चा ज्ञानपीठ तिच्यामुळे मराठीत पहिल्यांदा आला.

महाभारतातल्या ययातीकडे निवडायला काय कमी होतं? राज्य, रूप, देवयानी, शर्मिष्ठा. म्हातारपणाचा शाप मिळाला तर मुलाचं तारुण्य मागून घेतलं आणि हजार वर्षं भोग घेतले. शेवटी काय म्हणाला? भोगाने वासना शमत नाही, तूप ओतलेल्या अग्नीसारखी ती वाढतच जाते. आनंद निवडायचाच असं ठरवून बसलेला आपल्या परंपरेतला सगळ्यात मोठा माणूस तोच, आणि त्याच्या घरातलं एकही माणूस सुखी नाही. करवीरकन्या, फ्रँकलनंतर हेच वाचा. पूर्वी वाचलं असेल तरी आताच्या वयात देवयानीची निवेदनं वेगळीच लागतात.

अध्यापक

तालीमवाले आणि निशिगंध, तुम्ही दोघांनी सांगितलं तेच नैराश्यावरच्या एका परिणामकारक उपचारपद्धतीचं मूळ आहे: आधी कृती, भावना मागाहून. पण निशिगंध यांनी आणखी काही सांगितलं, ते मी वर्गात सांगायला हवं. पहिले कित्येक दिवस काहीही वाटत नाही. हे आधीच सांगितलं तर माणूस मध्येच सोडत नाही.

आणि पेठेतल्या पोरांवरून आठवलं. हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे, त्याच माणसांचा आणि मग त्यांच्या मुलाबाळांचा. म्हातारपणी कोण निरोगी आणि समाधानी राहिलं, याचा सगळ्यात भक्कम धागा त्यांना जवळच्या नात्यांत सापडला. पैशात नाही, प्रसिद्धीत नाही.

करवीरकन्या

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सगळं दोनदा वाचलं.

निशिगंध, तुम्ही लिहिलंत ते मी यजमानांनाही वाचून दाखवलं. 'निवड' हे माणसाने फक्त स्वतःपुरतं, स्वतःशी बोलायचं आहे. दुसऱ्याच्या दुःखाला ते माप लावायचा हक्क कुणालाच नाही. फ्रँकलनेही स्वतः भोगलेल्या छावणीतून ते लिहिलं, दुसऱ्याला उपदेश करायला नाही.

पंचगंगाकाठ, तुमच्या रेडिओच्या प्रसंगाने माझ्या प्रश्नाचा रोखच बदलला. मी इतके दिवस 'माझा आनंद माझ्या हातात आहे का' असं विचारत होते. तुमच्या वडिलांचं हसणं त्या पोराच्या हातात होतं. सासूबाईंचं हसणं बऱ्याचदा माझ्या हातात असतं. मग माझं कुणाच्या हातात आहे, हा विचार मी केलाच नव्हता.

'ययाति' आणायला सांगितलंय.

निशिगंध

करवीरकन्या, हेच विचारणार होते. तुम्ही दुपारच्या एका तासावर सगळं निभावताय. तुमच्यासाठी कोण येतं? माझी आई आजीचं करता करता अशीच थकत गेली आणि कुणालाच कळलं नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी कुणालातरी हक्काने बोलवा. मदत मागणं हीही निवडीतच धरा ना.

दूरदेशी

निशिगंध यांना पूर्ण अनुमोदन. माझी बहीण आईचं करते. हा धागा वाचून तिला फोन केला, पण 'कशी आहेस' असं नाही विचारलं. 'कुठल्या दिवशी बाई ठेवू, पैसे मी पाठवतो' असं विचारलं. ती बराच वेळ बोलली.

करवीरकन्या

नणंद इचलकरंजीला असते. तिला संसार आहे, लूमचं काम आहे, कशाला त्रास द्यायचा म्हणून आजवर बोलले नव्हते. काल फोन केला. मी वाक्य पुरं करायच्या आत म्हणाली, 'वहिनी, तू सांगशील म्हणूनच थांबलो होतो आम्ही, तुझ्या घरात कसं घुसायचं?' आता दर रविवारी ती येणार आहे. आईला आंघोळ घालायची ती तिनंच घालायची, असंही ठरवून टाकलंय तिनं.

निशिगंध, रविवारी सहा वाजता मी रंकाळ्यावर असेन, पदपथावर. चालेल का तुम्हाला?

निशिगंध

चालेल. पहिल्या बाकापाशी.